झिऱ्यावरचं भांडण

मी जेसीबीसमोर उभी राहिले तेव्हा माझ्या एकाच पायात चप्पल होती, तोंडात कडुलिंबाची काडी होती आणि अंगावर नीलम्माआत्याचं विटकं लुगडं होतं – तेही चुकीचं नेसलेलं.

"बंद करा ते! बंद करा म्हणते ना!"

मशीनचं दातेरी बकेट माझ्या डोक्यावर हवेतच थांबलं. इंजिन बंद झालं आणि एकदम झाडावरचे होले घुमल्याचा आवाज ऐकू यायला लागला. केबिनमधून एक उंच, सावळा तरुण उतरला. गळ्यात दस्ती, भुवयांवर धूळ. त्यानं माझ्याकडं खालून वर पाहिलं – चप्पल, लुगडं, काडी.

"मॅडम, तुमी कोण?"

"मी या शेताची मालकीण आहे!"

"मालक तर सिद्धेश्वर आप्पा हायेत. परळीत टाईल्सचं दुकान हाय त्यांचं. त्यांनीच पाठवलंय मला, ओढ्याकाठचं रान साफ करायला."

"मी त्यांची मुलगी. कावेरी."

"असं..." त्यानं दस्तीनं तोंड पुसलं. हसू पुसलं की धूळ, कळलं नाही. "मग भांडण तुमच्या घरात हाय. माझ्यापुढं कावून हुभ्या राहिलात?"

इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. आणि संतापात बोलायला जावं तर तोंडातली काडी खाली पडली. त्यानं ती वाकून उचलली, झटकली आणि अगदी अदबीनं परत माझ्या हातात दिली.

"घ्या. राग निवांत चावून खा. मी चहा पिऊन येतो."

आधी माझ्याविषयी सांगायला हवं. पुण्यात पाच वर्षं मी एका कंपनीत लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहीत होते. शेवटी शेवटी झोपेतसुद्धा बोटं हलायची. छातीत धडधड व्हायला लागली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही महिने मोकळ्या हवेत राहा. नोकरी सोडून परळीला आले, तर गच्चीवर वाळत घातलेल्या ओढणीवर संध्याकाळपर्यंत वीज केंद्राच्या राखेचा थर. म्हणून धर्मापुरीच्या पुढं, आमच्या शेतात राहायला आले. तिथं आप्पांची थोरली बहीण, माझी नीलम्माआत्या, एकटी राहते. जमीन आप्पांच्या नावावर, पण वीस वर्षं घाम गाळलाय तो आत्यानं.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी फोनवर एक पान उघडलं – 'साधं जगणं'. चुलीचे फोटो, भाकरीचे फोटो, माझ्या अनवाणी पायांचे फोटो. महिनाभरात चार हजार माणसं ते पाहायला लागली.

आणि आता आप्पांनी हे मशीन पाठवलं होतं. ओढ्याकाठची उंबर, करंज, सीताफळी उपटून तिथं 'निसर्ग रिसॉर्ट' करायचं होतं त्यांना. पेव्हर ब्लॉक, हिरवळ, सिमेंटचा जिराफ आणि पंपावर चालणारा धबधबा. खरा ओढा बुजवून खोटा धबधबा! मी आप्पांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "ओरडतीस कावून? तूच न्हाई का पुण्याहून फोटो पाठवलेस? म्हणलीस, आप्पा, इथं किती शांत वाटतंय, आपल्या शेतात असं करा."

पाठवले होते. मुळशीकडच्या एका रिसॉर्टमधून. तिथंही एक सिमेंटचा जिराफ होता. मी फोन ठेवला, आणि मग मला सगळ्यात जास्त राग माझाच आला.

त्या उंबराखाली, ओढ्याच्या वाळूत, एक झिरा होता. झिरा म्हणजे काय, तर हातभर खोल खड्डा, ज्यात वाळूतून पाणी थेंबाथेंबानं पाझरत राहतं. वैशाखात सगळं आटलं तरी तो आटायचा नाही. पलीकडच्या वस्तीवरच्या बायका तिथं घागरी घेऊन यायच्या, वाटीनं पाणी भरायच्या, आपली पाळी येईपर्यंत सावलीत बसायच्या. मी त्याचेही फोटो काढले होते. हे प्यायचं पाणी आहे, हे मात्र त्या दिवशी संध्याकाळी कळलं, वस्तीवरच्या रतनबाई भेटल्या तेव्हा.

"मशीन आलंय म्हणं," त्या वाटी बुडवत म्हणाल्या. "त्यो मशीनवाला रुद्रेश... माझाच पोरगा हाय."

मी थक्क झाले. दुसऱ्या दिवशी तो दिसताच मी थेट समोर गेले. लुगडं सोडून पंजाबी ड्रेस घातला होता, दोन्ही पायांत चपला होत्या.

"तुमची आई याच झिऱ्याचं पाणी भरते. हे काम घेताना लाज नाही वाटली?"

तो मशीनच्या टायरला टेकून उभा होता. गळ्यातली दस्ती हातात घेऊन तिची घडी घालत राहिला.

"पुण्यात एसीत बसत होतात का न्हाई?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"लाईट कुठून येती ती? राख आमच्याकडं, गारवा तुमच्याकडं. आता राखंचा कटाळा आला म्हणून झाडाखाली आलात, तर म्हणताय झाड माझं. लाज कुणी वाटून घ्यायची, तेवढं ठरवा. मी सांजच्याला येतो विचारायला."

"सांजच्याला कशाला? काम नाही का?"

"पाईप फुटलाय मशीनचा. आज काम बंद."

मी दिवसभर धुमसत राहिले. आत्या चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. म्हणाली, "त्या पोराचं नाव किती बार घेतलंस सकाळपून?"

"कामचोर आहे तो, आत्या!"

"ही सातवी बार."

तो संध्याकाळी आला. खरंच आला, बांधावर बसला आणि म्हणाला, "ठरलं का?" मी म्हटलं, "तुमच्याशी बोलायची माझी इच्छा नाही." तो म्हणाला, "बरं. मग नुसतं बसतो." आणि बसला. सूर्य बुडेपर्यंत आम्ही दोघं न बोलता बसलो. एक खंड्या उंबराच्या फांदीवरून खाली सूर मारत होता... मला राग यायचा होता, पण तो कुठं ठेवला होता तेच आठवेना.

पुढचे बारा दिवस हेच. सकाळी मशीन घरघरायचं, ओढ्यापासून लांब, पडीक कोपऱ्यात चार बकेट माती इकडची तिकडं व्हायची, आणि मग काहीतरी बिघडायचं. कधी पाईप, कधी ऑईल, कधी पिन तुटली. आप्पा फोनवरून ओरडायचे, तो "व्हय आप्पा, व्हय आप्पा" म्हणायचा. संध्याकाळी बांधावर यायचा. हळूहळू मी बोलायला लागले. भांडायलाच, पण बोलायला.

"तुमच्या फोटूत त्ये पाखरू हाय ना, त्याला तुमी चिमणी लिहिलंय," तो एकदा म्हणाला. "त्ये वेडा राघू हाय."

"म्हणजे तुम्ही माझं पान बघता?"

"मी कशाला बघू?" तो कानापर्यंत लाल झाला. "आई बघती."

"आईंकडं साधा फोन आहे."

"...मग असंल कुणीतरी बघत."

तेराव्या दिवशी, तांबडं फुटायच्या वेळी, मी घागर घेऊन झिऱ्यावर गेले. सूर्योदय टिपायला फोन दगडाला टेकवून ठेवला होता. तेवढ्यात मशीनखालून खुडबुड ऐकू आली. पाहते तर रुद्रेश उताणा पडून, हातात पाना घेऊन, धडधाकट पाईप सोडवत होता!

"चोर!" मी ओरडले.

त्याचं डोकं खाली आपटलं. "हळू बोला, मॅडम... उंबरावरची पाखरं उठतील."

"तुम्ही रोज हेच करता? मुद्दाम?"

तो बाहेर आला. हात तेलानं काळे. झिऱ्याकडं बघत ते दस्तीला पुसले.

"मी काम न्हाई घेतलं तर आप्पा दुसरा बोलवतील. त्यो दोन तासांत सगळं सपाट करंल. त्याला काय माहीत, हितं खाली काय हाय. ह्या झिऱ्यानं मला वाढवलंय, कावेरी. म्हणून मीच घेतलं. पाईप रोज मीच काढतो. पावसाळा लागला की मशीन ओढ्याच्या चिखलात उतरत न्हाई. तवर दिस ढकलायचे. म्होरचं म्होरं बघू."

मॅडम नाही, कावेरी. माझ्या हातातली घागर एकदम जड झाली. बारा दिवस मी ज्या माणसावर शब्दांचे दगड फेकत होते, तो गुपचूप त्या झिऱ्यावर पाठीची ढाल धरून उभा होता.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमी भांडत होतात..." तो पान्याकडं बघत म्हणाला. "बरं वाटत होतं."

इथवर सगळं कसं गोड होतं. पुढचं सांगताना मात्र मला आजही माझा राग येतो.

दगडाला टेकवलेला फोन चालूच होता. सूर्य आला होता, उंबर आला होता आणि रुद्रेशही आला होता. त्याचा शब्द न् शब्द. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला, मोजलं नाही. त्याच दिवशी संध्याकाळी मी तो 'साधं जगणं'वर टाकला. खाली लिहिलं – 'अशी माणसं असतात.' प्रेमानंच टाकला, शपथ. जगाला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि ओरडायची मला तेवढी एकच रीत ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परळीतल्या चहाच्या टपऱ्यांवर तो वाजत होता.

रुद्रेश चालत आला. मी हसत सामोरी गेले, आणि त्याचा चेहरा पाहून जागीच थांबले.

"मला विचारलं होतंस?"

पहिल्यांदा 'तू' म्हणाला, आणि ते असं.

"मला वाटलं, लोकांना कळावं तू किती..."

"मी तुला सांगितलं, ते तुला सांगितलं. चार हजार लोकांना न्हाई! सकाळपून तीन शेतकऱ्यांचे फोन आले. म्हणले, तू लबाड हायेस, मशीन मुद्दाम बंद पाडतोस, येऊ नको. दिवसभर उन्हात मशीन हाणून नाव कमावलं होतं मी. त्ये गेलं. आन झिराबी चालला. आप्पांनी अंबाजोगाईचं मशीन सांगितलंय, परवा येतंय."

"रुद्रेश, मी काढून टाकते तो..."

"काढ का ठेव. तुला शांतताबी लोकांना दाखवल्याबिगर गोड लागत न्हाई."

तो गेला. मी चिडले, रडले, पुन्हा चिडले. तो कोण मला शिकवणारा! रात्री आत्यानं पुढ्यात भाकरी आणि येसराची आमटी ठेवली. मी शिवले नाही.

"भाकर गरम हाय तवर खायची असती, पोरी," ती म्हणाली. "तू तिचा फोटू काढत बसतीस, आन मग म्हणतीस वातड लागती."

मी पान बंद केलं. नुसता व्हिडिओ नाही, सगळं पान. आणि सकाळच्या गाडीनं परळी गाठली.

दुकानात गिऱ्हाईक होतं. आप्पा बाथरूमच्या फरशा दाखवत होते. मला पाहताच उसळले. "आलीस? बाजारात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस मला! एका जेसीबीवाल्यानं बारा दिवस येड्यात काढलं आप्पाला, असं म्हणून हसतेत लोक!"

"हसू देत. चूक माझी आहे. फोटो मी पाठवले, व्हिडिओ मी टाकला. पण उद्या मशीन आलं तर मी त्याच्यापुढं आडवी पडणार आहे, आप्पा. आणि या वेळी मशीनवाला थांबणारा नसेल."

"धमकी देतीस बापाला?"

"हो! रतनबाई आणि वस्तीवरच्या पंधरा घरांचं पाणी बुजवून तुम्ही सिमेंटच्या जिराफाला आंघोळ घालणार, आणि मी काय ओवाळू तुम्हाला?"

गिऱ्हाईक फरशा तिथंच ठेवून निघून गेलं. आप्पांनी कपाळाला हात लावला. मग शटर अर्धं खाली ओढलं आणि गाडीची किल्ली घेतली.

झिऱ्यावर रतनबाई होत्या, आत्या होती. आप्पा पांढऱ्याशुभ्र शर्टात उंबराखाली उभे राहिले. मी रिकामी घागर त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"एवढी एक भरा. मग म्हणाल ते."

"मला काय घागर भरता येत न्हाई व्हय?" ते फणकारले आणि उकिडवे बसले. वाटी बुडवली, अर्धी भरली, ओतली. पुन्हा बुडवली – पाणी संपलेलं. "आता?"

"आता थांबायचं," रतनबाई म्हणाल्या. "त्ये येतंय त्याच्या मनानं."

आप्पा थांबले. पाणी आलं. वाटी, ओतणं, पुन्हा थांबणं. अर्धा तास झाला. शर्ट पाठीला चिकटला, गुडघे थरथरायला लागले. घागर गळ्यापर्यंत आली तेव्हा त्यांनी रतनबाईंना विचारलं, "रोज किती भरता?"

"चार. पावणेरावळे आले तर सा."

आप्पा ओंजळभर पाणी प्यायले. उठले. कुणाकडंच न बघता चिडक्या आवाजात म्हणाले, "बारा महिने. बारा महिने हितं राहून, आक्काबरोबर शेत करून दाखव. पळून गेलीस तर मी माझं करीन. झिरा सोडून करीन, पण करीन."

अंबाजोगाईचं मशीन आलं नाही. रुद्रेशही आला नाही. रतनबाईंनी सांगितलं, इथं कुणी बोलावत नाही म्हणून तो मशीन घेऊन उमापूरकडं गेलाय, तिकडं शेततळ्यांची कामं आहेत.

मी राहिले. आता फोटो नव्हते, म्हणून खरं काय ते दिसायला लागलं. साधं राहणं अजिबात शांत नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे उठून शेण काढावं लागतं, खुरपताना बोटांना फोड येतात, म्हैस पायावर पाय देते, आणि दुपारी अंग इतकं दुखतं की निसर्गाचं नावसुद्धा नको वाटतं. मी आभाळाला शिव्या दिल्या, म्हशीला दिल्या, रुद्रेशला तर रोज दिल्या. पण झोप लागायला लागली. गाढ. बोटं हलेनाशी झाली. एका दुपारी तूर खुरपता खुरपता लक्षात आलं, सकाळपासून आपण कसलाच विचार केला नाही... फक्त त्याचा सोडून.

श्रावणातली पंचमी आली. त्या दिवशी आमच्याकडं माती उकरत नाहीत; नांगर नाही, कुदळ नाही. मग मशीन तरी कशाला चालेल? सकाळपासून बारीक भुरभुर चालली होती. मी झिऱ्यातला पालापाचोळा हातानं काढत होते. मागं पावलं वाजली.

"आई म्हणली, भेटून ये. न्हाई तर जेवायला देणार न्हाई."

मी वळले नाही. "आईनं सांगितलं म्हणून आलास?"

"व्हय." पायाखालचा पाला वाजला. "...न्हाई."

मग मी वळले. तो वाळला होता. केसांवर पावसाचे बारीक मणी होते. तो माझ्या हातांकडं बघत होता – काळवंडलेली नखं, चिरा, एक जुना फोड.

"रुद्रेश, मी चुकले. तुझं तुला न विचारता वाटून टाकलं. माफी मागते. पण..."

"पण?"

"पण मला तुझा भयंकर राग आलाय! दोन महिने एक निरोप नाही. मी इथं म्हशीच्या लाथा खातेय, आणि तू उमापूरला तळी खोदत बसलास. बारा दिवस रोज येऊन बांधावर बसायचं, माणसाला सवय लावायची आणि मग एका भांडणात उठून जायचं? ही कुठली रीत? भांडणं काय अर्ध्यात सोडायची असतात?"

तो हसला नाही. दोन पावलं पुढं आला.

"मीबी लई चिडलो होतो. उमापूरला सांजच्याला काम संपलं की बांधावर बसायचो. तिकडंबी पाखरं हायेत, ओढा हाय. पण काय बघावं वाटंना. मग अजून चिडायचो... की ह्या बाईनं माझी सांजच बिघडवून टाकली."

"मग?"

"मग काय." त्यानं खिशातून दस्ती काढली, माझा चिखलानं माखलेला हात हातात घेतला आणि एकेक बोट पुसायला लागला. "तुझ्याबिगर मला करमत न्हाई, कावेरी. भांड, काय करायचं त्ये कर. पण समोर राहून कर."

भुरभुर अंगावर उतरत होती. मी नुसती मान हलवली, आणि तेवढ्यानं त्याच्या डोळ्यांत जे उमटलं ते टिपायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. बरंच झालं.

"आप्पांना विचारावं लागंल," तो म्हणाला. "हाणतील मला."

"फोन दे."

"आत्ता?"

"दे म्हणते ना!"

मी त्याच्याच फोनवरून लावला. "आप्पा, कावेरी बोलतेय. मला रुद्रेशशी लग्न करायचंय."

पलीकडं स्फोट झाला. "त्या लबाडाशी? बारा दिवस मला फोनवर व्हय आप्पा, व्हय आप्पा करून गंडवणाऱ्याशी? आगं, जगात दुसरा न्हाई का कुणी?" मी फोन कानापासून लांब धरला. रुद्रेश गुरुजींपुढं उभं राहावं तसा ताठ उभा राहून सगळं ऐकत होता. आप्पा दम घ्यायला थांबले.

"जेवलाय का त्यो पंचमीचं?"

"अजून नाही."

"मग आधी जेवू घाल. आन उद्या दुकानात पाठवून दे. मला त्याच्याशी लई भांडायचंय."

फोन कट झाला. खोपटातून आत्याची हाक आली, पुरणाची दिंडं निवायला लागलीत म्हणून. आम्ही निघालो. बांध निसरडा झाला होता. रुद्रेशनं माझा हात धरला. आत्या दारात उभी राहून आमच्याकडंच बघत होती, तरी मी तो सोडवून घेतला नाही.